दोराच्या तळाचे शिंपले

सोमवार, २ सप्टेंबर

आत्या,

आधी एक चूक दुरुस्त करते, मग बाकीचं. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, "आपले शिंपले तपासणीत स्वच्छ निघाले, निर्धास्त खा." ते वाक्य खोडून टाक. त्याऐवजी असं वाच : बाबांनी पाठवलेल्या पिशवीतले शिंपले स्वच्छ निघाले.

तू म्हणशील, यात फरक काय? मलाही लिहिताना तो दिसला नव्हता. परवा प्रयोगशाळेत नवी पिशवी आली, ती मीच उघडली. शिंपले बोटभर लांब, पाठीवर हिरवी लव. सुरीने एक उघडला आणि हात तसाच थांबला. उन्हात वाढलेल्या शिंपल्यालाच अशी लव धरते. म्हणजे हे तराफ्यावरून पाण्यात सोडलेल्या दोराच्या वरच्या टोकाचे. आपल्या ओट्यावर बसून मी लहानपणी खरवडायचे ते काळे, गुळगुळीत, जड असायचे. मग आठवून पाहिलं. आत्तापर्यंत आपल्या तराफ्यावरून आलेल्या सगळ्या पिशव्या अशाच हिरव्या होत्या. बाबा होडीतून वाकतात, हाताला लागतात ते तोडतात आणि पाठवून देतात.

आणि आपण खातो ते तळाचे. दोराचा तळ विकायचा नाही, तो घरचा, ही आजोबांनी घालून दिलेली रीत. इथे ती कुणाला माहीत असणार? इथल्या कागदावर खाडी, तराफा आणि मालकाची सही, एवढंच असतं.

मागच्या आठवड्यात आमच्या लाँचने खाडीतलं पाणी आणलं. वरच्या पाण्यात काही नव्हतं. चिखलाजवळच्या बाटलीत ते विषारी शैवाल भरपूर निघालं. मी प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "पाण्यावरून खाडी बंद करता येत नाही. शिंपल्याच्या मांसात विष सापडलं पाहिजे. मांस तर तुझ्याच हातून स्वच्छ निघालंय." नियम तसाच आहे, त्या खोटं बोलत नव्हत्या.

म्हणून बाबांना सांग, पुढची पिशवी तळाची पाठवा. आणि तिचा निकाल येईपर्यंत तळाचं काही खाऊ नका. तूसुद्धा. धक्क्याच्या कार्यालयात फोन केला असता, पण बाबा "हो, हो" म्हणून ठेवून देतात आणि तुला ऐकू येत नाही. मागच्या पत्रात बाबांच्या तब्येतीबद्दल तू एक अक्षर लिहिलं नव्हतंस, ते का?

तुझीच

*

रविवार, ८ सप्टेंबर

माझे शंकासुर,

तुझं पत्र दादाला जेवताना वाचून दाखवलं. जेवताना दाखवलं हे माझं चुकलं. तो ताटाकडे बघत म्हणाला, "तिला लिही, तळाचं पाणी गार असतं, स्वच्छ असतं. घाण सगळी वर तरंगते. आणि वीतवीत वाढलेले शिंपले काय प्रयोगशाळेतल्या उंदरांना टोचायला पाठवू?"

मी म्हटलं, "ती शिकलेली आहे."

"शिकवली कोणी? तू. तुला तरी कुठे काय येतं!"

 अकरा वर्षांची होईपर्यंत तू माझ्याच पाटीवर गिरवत होतीस, खरंच आहे. तेव्हाही तू असंच करायचीस. बेरीज बरोबर आली तरी उलट बाजूने पुन्हा करून पाहायचीस, आणि पुन्हा बरोबर आली की रडायचीस, दोन्हीकडून एकच चूक झाली असेल तर म्हणून.

खरं कारण दादा सांगत नाही, मी सांगते. त्याची पाठ गेली आहे. पाण्यातून अख्खा दोर वर ओढायचा तर दोन माणसं लागतात आणि तो कुणाला बोलवत नाही. घरापुरते काढायचे तर दोराला कप्पी लावून, दम खात, अर्धा दिवस घालवून काढतो. तपासणीसाठी एवढं कोण करणार? दुसरं म्हणजे, तळात काही सापडलं तर नुसता आपला तराफा बंद होणार नाही. खाडीतले सगळे बंद. मग धक्क्यावर त्याला तोंड दाखवायला जागा राहील का? हे तो बोलला नाही, पण मी त्याची बहीण आहे.

तब्येत बरी आहे. नवी कवळी बसवली. ती घट्ट झाली असावी, कारण जेवण झालं की ओठांना मुंग्या येतात म्हणतो. दंतवैद्याला शिव्या घालत फिरतो.

मला एक सांग. ते शैवाल डोळ्यांना दिसत नाही म्हणतेस. मग एवढ्याशा जिवाला विष करायची गरज काय? आपण त्याचं काय वाकडं केलंय? आणि चांगलं खदखदून उकळलं तर मरत नाही का ते?

तुझा शब्द मला कधी खोटा वाटलेला नाही. लांबलचक वाटतो, एवढंच.

आत्या

*

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आत्या,

उकळून शैवाल मरतं, विष मरत नाही. खदखदवलं, भाजलं, वाळवलं, बर्फात ठेवलं, कशानेही जात नाही. त्याला चव नाही, वास नाही. शिंपला ताजा आहे की शिळा हे आपल्याला नाकाने कळतं, यात नाकाचा काही उपयोग नाही.

आपण त्याचं काहीच वाकडं केलेलं नाही. आपण त्याच्या हिशेबातच नाही, हेच मला सगळ्यात वाईट वाटतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते मी रोज बघते. एकाच पेशीचा जीव, चिलखत घातल्यासारखा, चाबकासारख्या दोन शेपट्या. एक कमरेभोवती, एक मागे. त्यांच्या जोरावर भोवऱ्यासारखं गरगरत पोहतं. वाईट दिवसांत तेच बीसारखं गोळा होऊन तळच्या चिखलात झोपतं, कधी कधी वर्षानुवर्षं. पाणी ऊबदार झालं की जागं होतं. विष ते स्वतःच्या पेशीतच बनवतं, तेही कुठल्या भयंकर वस्तूपासून नाही. आपल्या अन्नात, आपल्या अंगात असतो अशा एका साध्या घटकापासून. कशासाठी, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. पाण्यात पिसवेएवढे जीव असतात, ते या शैवालाला चरतात. त्यांची चाहूल लागली की शैवाल जास्त विष करतं, असं दिसून आलं आहे. म्हणजे भांडण त्या दोघांचं.

शिंपला मध्ये येतो तो नुसता तोंड उघडं ठेवून. दिवसभर पाणी गाळतो, गाळात येईल ते खातो. विष त्याच्या मांसात साठत जातं आणि त्याला काही होत नाही. आपल्याला होतं. आपल्या मज्जातंतूंना अतिशय बारीक दारं असतात. त्यांतून क्षार आत गेले तरच मेंदूचा निरोप पुढे सरकतो. हे विष त्या दारात बुचासारखं बसतं. मग निरोप पोचत नाही. आधी ओठ, मग बोटं, मग पाय. सगळ्यात शेवटी छाती.

म्हणून मला नीट उत्तर दे. बाबांच्या ओठांना मुंग्या येतात त्या कवळी काढून ठेवल्यावरही येतात का? बोटांच्या टोकांना येतात का? तळाचे शिंपले खाल्ले नाहीत त्या दिवशीही येतात का? त्यांना सवय झाली असेल असं समजू नका. या विषाची सवय होत नाही. उतारा नाही. श्वास थांबला तर यंत्राने चालू ठेवायचा आणि विष उतरायची वाट बघायची. असं यंत्र आपल्याकडे नाही. सगळ्यात जवळचं इथे, या शहरात आहे.

हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. कदाचित कवळीच असेल. मला माहीत नाही, आणि माहीत नसताना माहीत असल्यासारखं लिहायचं नाही हे तूच शिकवलंस. तळाचे मूठभर शिंपले मिळाले तरी मला कळेल. बाबांना नकळत मिळतील का?

तुझीच

*

बुधवार, १८ सप्टेंबर

माझे शंकासुर,

मिळाले. उद्याच्या बोटीने या पत्राबरोबर पिशवी येते आहे. काळे, जड, तुझ्या लहानपणीचे. कसे मिळाले तेही ऐक आणि हसू नकोस.

काल दादा नवा दोर आणायला पलीकडच्या बाजाराला गेला. मी होडी काढली. किती वर्षांनी वल्ही धरली देव जाणे, होडी पुढे कमी आणि गोल गोल जास्त. तराफ्याला लागले, दोर धरला आणि ओढला. वीतभर वर आला आणि मला खाली घेऊन जायला लागला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. शेवटी मी दोराला धरून तशीच बसून राहिले, ना सोडता येईना ना ओढता येईना.

तेवढ्यात बर्फवाला त्याची होडी घेऊन कारखान्याकडून येत होता. लांबूनच ओरडला, "काय गं, मासा गळाला लागलाय की तूच लागलीस?" तुला तो आठवत असेलच, दादाचा लंगोटीयार, तुला बर्फाचे तुकडे चोखायला द्यायचा. माझा हात दोराच्या पिळात अडकला होता, तो त्याने सोडवला. "दादाला सांगू नको" म्हटलं, तर म्हणाला, "तुझ्या दादाला मी काय काय सांगत नाही त्याची यादी मोठी आहे." मग दोघांनी मिळून दोर वर घेतला. म्हणजे त्याने घेतला, मी आवाज केला.

दोर ओढणाऱ्याला तळातला वाटा द्यायचा, हेही आजोबांचंच. त्याने आमच्या होडीतली टोपली पुढे केली. मी म्हटलं, "हे तपासायला चाललेत, निकाल यायचाय." तो म्हणाला, "तुझी भाची तपासत बसेल तोवर मी म्हातारा होईन." आम्ही आत्ताच काय तरुण आहोत! रिकाम्या हाताने पाठवता आलं नाही. दिले. त्याने ते बर्फात ठेवलेत. रविवारी सुट्टी, तेव्हा निवांत खाईन म्हणाला. त्याच्या बायकोला शिंपल्यांचा वासही सोसत नाही, म्हणजे सगळे त्यालाच.

रविवारी खाणार आहे तो. रविवारच्या आधी नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. मुंग्या कवळी काढल्यावरही येतात. बोटांनाही येतात. सोमवारी त्याच्या हातातून कप पडला. तळाचे खाल्ले नाहीत त्या दिवशी येत नाहीत. तू विचारलंस म्हणून लक्ष ठेवलं, नाहीतर मी कवळीवरच समाधान मानलं होतं.

धक्क्यावरच्या कारकुनाच्या टेबलावर फोन आहे. त्याचा आवाज मोठा आहे, तो ओरडून सांगतो ते मला ऐकू येतं.

आत्या

*

शनिवार, २१ सप्टेंबर

आत्या,

हे पत्र सोमवारच्या बोटीने निघेल. तोवर रविवार होऊन गेला असेल. तरी लिहिते आहे, कारण बाकी सगळं करून झालं.

पिशवी आणि पत्र काल, शुक्रवारी दुपारी मिळालं. पत्र आधी वाचलं. लगेच शिंपले उघडले, मांस दळलं, आम्लात उकळलं, गाळलं. ते निवून, मोजून तयार होईतो प्रयोगशाळेची वेळ संपली. आज सकाळी एका पांढऱ्या उंदराला टोचलं. किती वेळात मरतो त्यावरून विष किती ते ठरवतात. हातात घड्याळ घेऊन बसायचं असतं. मी बसेपर्यंत तो कुशीवर पडला होता. मला वाटलं सुई चुकीची लागली. दुसरा घेतला. मग द्राव पाण्याने पातळ केला आणि तिसरा घेतला. पातळ करूनही तेच. खाण्यायोग्य म्हणून जी मर्यादा आहे, तिच्या कितीतरी पटींनी जास्त.

मग फोन. धक्क्याचं कार्यालय शनिवारी दुपारी बंद होतं हे मी विसरले होते. घंटा वाजत राहते, कुणी उचलत नाही. पोलीस चौकीत लावला. तिथल्या शिपायाने विचारलं, "कुणी आजारी आहे का?" मी म्हटलं, "अजून नाही." तो म्हणाला, "मग झालं की फोन करा." मी पुन्हा केला. तो म्हणाला, "ताई, उंदीर मेला म्हणून मी एवढ्या लांब होडी काढू?" बर्फाच्या कारखान्याचा नंबर कुणाकडे नाही. बोटीच्या धक्क्यावर जाऊन आले. भाड्याने येतो का म्हणून तिघांना विचारलं. एकाने हवा बघितली आणि मान हलवली. बाकीच्या दोघांनी त्याच्याकडे बघून हलवली.

काल फोन करता आला असता. संध्याकाळपर्यंत कार्यालय उघडं होतं. फोन माझ्या हाताशी होता. मी केला नाही, कारण निकाल आला नव्हता. "स्वच्छ आहेत" हे एकदा घाईने लिहून झालं होतं. "विषारी आहेत" हेही घाईने म्हणायचं आणि पुन्हा दुरुस्त करायचं, ते मला नको होतं. मला खात्री हवी होती. आता खात्री आहे.

त्याने सुट्टीचा बेत बदलला असेल. बर्फात ठेवलेले विसरला असेल. त्याची बायको वासाने वैतागून फेकून देईल. मी अशा गोष्टी मनात म्हणत बसले आहे.

तळाचं एकही खाऊ नका. बाबांना हे पत्र दाखव.

तुझीच

*

सोमवार, २३ सप्टेंबर

पोरी,

बर्फवाला काल गेला.

दुपारी जेवला. जेवण झाल्यावर बायकोला म्हणाला, जीभ झोपली बघ माझी. ती हसली, म्हणाली, बरं झालं, घराला विश्रांती. थोड्या वेळाने म्हणाला, पायाखाली जमीन असल्यासारखं वाटत नाही, हलकं वाटतं, तरंगतोय. अंथरुणावर पडला तो हात उचलता येईना. ती आमच्याकडे धावत आली. दादा आणि मी गेलो तेव्हा तो आमच्याकडे बघत होता. सगळं कळत होतं त्याला. दादा म्हणाला, "अरे, बोल की," आणि बर्फवाल्याचे डोळे माझ्याकडे वळले. मग छाती हलायची थांबली. डोळे नंतरही काही वेळ तसेच होते.

डॉक्टर आज पहाटेच्या होडीने आला. हृदय, म्हणाला. दादा म्हणाला, "त्याचं हृदय पहिल्यापासूनच नाजूक, कारखान्याच्या गारठ्यात आयुष्य गेलं." सगळे हो म्हणाले. 

त्याच्या बायकोने आज सकाळी आपली टोपली धुऊन परत आणून दिली.

आता तुला खरं लिहिते. रविवार मी मुद्दाम पुन्हा पुन्हा लिहिला होता. मला वाटलं, माझी पोर शुक्रवारी वाचेल आणि लगेच फोन करेल. म्हणून शुक्रवारी दुपारपासून कारकुनाच्या टेबलासमोर बसले होते. तो म्हणाला, "आत्या, घरी जा, फोन आला तर मी सांगतो." मी म्हटलं, "तू विसरशील." कार्यालय बंद होईपर्यंत बसले. फोन आला नाही, तेव्हा समजले की निकाल चांगला आला. वाईट असता तर तू केला असताच. असं समजून शांत झोपले. शनिवारी त्याच्या दारावरून गेले, तेव्हाही काही बोलले नाही.

हे तुला बोल लावायला लिहीत नाही. द्यायला नको होते ते मी दिले. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हापासून मी स्वतः तळाचं खाल्लेलं नाही. दादाला सांगितलं, पोट बरं नाही. स्वतःच्या तोंडापुरतं मला कळत होतं आणि त्याच्यासाठी टोपलीत टाकताना हात थांबला नाही.

दादाला काही माहीत नाही. दोर आम्ही ओढला तेही नाही. त्याच्याच दोराने त्याचा मित्र गेला हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू? पण सांगत नाही म्हणून तो खातो. काल मी भांडं करपवलं. आज मांजराने तोंड घातलं म्हणून सगळं पाण्यात फेकलं. आपल्याकडे मांजर कुठलं, असं तो विचारत होता. पुन्हा तराफ्यावर गेला आहे. कप्पीचा आवाज इथपर्यंत येतोय म्हणे, शेजारीण म्हणाली.

मी किती दिवस करपवणार?

आत्या

*

बुधवार, २५ सप्टेंबर

आत्या,

सोमवारी कार्यालय उघडताच फोन लागला होता. मी काही बोलायच्या आत कारकून म्हणाला, "ताई, तुम्हाला कळलं का, आपला बर्फवाला..." मी म्हटलं, तळाचे शिंपले कुणी खाऊ नयेत असं सगळ्यांना सांगा.  तो म्हणाला, "असं जाहीर करायचं तर तुमच्या कार्यालयाचा कागद लागतो. त्याशिवाय मी तोंड उघडलं तर इथले तराफेवाले मला धक्क्यावरून ढकलतील." तुला बोलाव म्हणून सांगितलं, तर तू बर्फवाल्याच्या घरी, त्याच्या बायकोजवळ होतीस.

शुक्रवारी तू टेबलासमोर बसली होतीस हे वाचलं.  

इथे काय झालं ते सांगते. मी निकाल घेऊन दुय्यम साहेबांकडे गेले. त्यांनी पिशवी पाहिली, विचारलं, "मालकाची सही कुठे आहे?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग हा नमुना नाही. ही भेट आहे." मोठ्या बाई दौऱ्यावर आहेत. दोनदा फोन लावून त्यांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "एक वाट आहे. याआधी आलेले सगळे नमुने दोराच्या वरच्या भागाचे होते, ते ग्राह्य धरू नयेत, असं कुणीतरी लेखी द्यायला हवं. तसं आलं तर पुन्हा तपासणी होईपर्यंत खाडी बंद करता येते, दोराला कुणाला हात लावता येत नाही. पण ते तुला कसं माहीत, हेही लिहावं लागेल." मी म्हटलं, "मी त्या घरात वाढले." त्या म्हणाल्या, "तेच लिहावं लागेल. तुझ्या वडिलांचा परवाना जाईल. आणि त्या माणसाच्या मृत्यूची चौकशी झाली तर हा कागद त्यात लागेल, तुझ्या आत्याच्या नावासकट. घाई करू नकोस. सोमवारी मी आले की माझ्यासमोर सही कर. माझ्याशिवाय बंदीचा हुकूम निघत नाही." सोमवारच्या आधी काहीच होत नाही का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही गं."

कागद मी लिहून ठेवला आहे. खूपदा वाचला. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. त्यात बाबांना तळाचं पाणी स्वच्छ वाटतं हे लिहिलं आहे, म्हणजे त्यांनी फसवलं असं कुणी म्हणू नये. त्यांची पाठही लिहिली आहे. बर्फवाल्याला वाटा तू दिलास हे लिहिलं आहे आणि फोन मी केला नाही हेही.

माझी रजा मंजूर नाही. मी तिकडे आले तर सोमवारी सही करायला इथे कोणी नाही. म्हणून जे करायचं ते तुलाच करावं लागणार. बाबांचे पाय लटपटले किंवा बोलताना जीभ जड झाली, तर होडी मागव आणि सरळ इकडे आण, तिथल्या डॉक्टरची वाट बघू नकोस. वाटेत श्वास थांबला तर नाक दाबून तोंडाने हवा भर, छाती वर येते का बघत. दमलीस तर दुसऱ्याला बसव, पण थांबू नका. इथे यंत्रापर्यंत पोचेतो चालू ठेवा. ते मेल्यासारखे दिसतील. मेलेले नसतील, सगळं ऐकत असतील. त्यांच्याशी बोलत राहा. त्यांना उत्तर देता येणार नाही आणि तुला तसंही ऐकू येत नाही, तेव्हा तुमचं जमेल.

आता शेवटचं. हे पत्र तुला उद्या, गुरुवारी मिळेल. मिळाल्याबरोबर बाबांना सगळं सांग. दोर कुणी ओढला, टोपलीत काय गेलं, मी काय लिहून देणार आहे, सगळं. जेवायला बसायच्या आधी सांग. ते चिडतील. माझं नाव टाकतील, तुझ्याशी बोलणं सोडतील. चिडले की ते जेवत नाहीत. मला आजपर्यंत त्यांच्या या स्वभावाची भीती वाटायची. या वेळी त्यांना जितकं चिडवता येईल तितकं चिडव, आणि त्यांचा राग उतरायला लागला की पुन्हा माझं नाव काढ. मला फक्त तेवढेच दिवस हवे आहेत.

सोमवारी, तीस सप्टेंबरला, बाई खुर्चीत बसल्याबरोबर मी सही करते.

तुझीच